तोंडाला रुमाल, पाठ ओली: कीटकनाशक अंगात शिरतं कुठून?

कपाशीत फवारणी करणाऱ्याकडे नीट पाहिलं तर बहुतेक वेळा हेच दिसतं: तोंडाला रुमाल बांधलेला आणि पाठीवरचा सदरा ओलाचिंब. रुमाल वासासाठी असतो. ओल्या पाठीची कोणी फिकीर करत नाही, कारण घाम कुठला आणि पंपातून झिरपलेलं द्रावण कुठलं हे कळतच नाही. पण फवारताना शरीरात जाणाऱ्या विषाचा मोठा वाटा नाकातून जात नाही, कातडीतून जातो. पाठीवरच्या पंपाचे थेंब बहुतांशी एवढे मोठे असतात की ते फुप्फुसांत खोलवर पोहोचत नाहीत. ते अंगावर बसतात, कपड्यात मुरतात आणि तासन्‌तास तिथेच राहतात. ओला सदरा म्हणजे अंगाला बांधलेलं पोटीसच.

२०१७ च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला गेली होती, हवा दमट होती, बोंडअळीने जोर धरला होता. दोन-तीन औषधं एकत्र करून, जोरकस पंपाने, दाट झाडांत शिरून फवारणी चालली होती. गुडघ्याएवढ्या कपाशीत फवारा पायाशी पडतो. डोक्याएवढ्या कपाशीत तो चेहऱ्यावर पडतो, आणि पुढची ओळ मारायला जाताना आधीच्या ओळीची ओली पानं मांड्यांना पुसत जातात.

कातडी सगळीकडे सारखी नसते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पॅराथिऑन हे सेंद्रिय फॉस्फरस गटातलं कीटकनाशक स्वयंसेवकांच्या शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषलं जातं ते मोजलं होतं. हाताच्या कोपराखालच्या भागाला १ धरलं, तर तळहाताला १.३, पोटाला २.१, डोक्यावरच्या कातडीला ३.७, कपाळाला ४.२, कानाच्या आतल्या भागाला ५.४ आणि वृषणांच्या कातडीला ११.८ असे आकडे आले. आता पंपाचं झाकण गळतं तेव्हा ओघळ कुठे जातो ते पाहा. पाठीवरून कमरेला, कमरेवरून जांघेत. म्हणजे जिथे शोषण सर्वांत जास्त, नेमकं तिथेच द्रावण साचतं. त्यात उन्हाने तापलेली, घामेजलेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त शोषते.

आत गेल्यावर होतं काय? मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सेंद्रिय फॉस्फरस गटातली कीटकनाशकं. दोन नसांमधला निरोप ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन पोहोचवतं, आणि निरोप पोहोचला की ते साफ करण्याचं काम कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) करतं. ही कीटकनाशकं त्या विकरालाच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही: लाळ, अश्रू आणि घाम वाहू लागतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव भरतो, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. अळी याच मार्गाने मरते आणि माणूसही.

मजुराच्या दृष्टीने यातली सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे निकामी झालेलं विकर झटपट भरून येत नाही. लाल रक्तपेशींमधलं कोलिनएस्टरेज दिवसाला साधारण एक टक्का या गतीने परत येतं. आज या शेतात, उद्या त्या शेतात, असं पंधरा दिवस रोजंदारीने फवारणाऱ्याला पहिले बारा दिवस काहीच होत नाही आणि तेराव्या दिवशी तो कोसळतो. त्या दिवशीचं औषध काही वेगळं नसतं, आधीची उधारी साठलेली असते. म्हणून एकाच माणसाला सलग फवारायला न लावता पाळी लावणं हा हातमोज्यांइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. मालक तो क्वचितच करतात, कारण सराईत हात एकच असतो.

आता सर्वांत धोक्याच्या पाच मिनिटांबद्दल. ती झाडांत नसतात, बांधावर बादलीपाशी असतात. प्रोफेनोफॉस ५० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं दाट पातळ औषध) १० लिटर पाण्यात २० मिली टाकायचं असेल, तर ते ५०० पट पातळ होतं. उलट हिशेब केला तर मूळ औषधाचा १ मिली म्हणजे तयार द्रावणाचा अर्धा लिटर. बाटली तिरकी करताना तळहातावर ५ मिली सांडलं, तर अडीच लिटर फवारा हातावर ओतून घेतल्यासारखंच झालं. शिवाय ईसी प्रकारात औषध सेंद्रिय द्रावकात विरघळवलेलं असतं, आणि तो द्रावक विषाला कातडीतून आत जायला वाट करून देतो. म्हणून दिवसभर मोजे घालणं जमत नसेल, तर निदान बाटली उघडताना ते हातात हवेतच. मोजे नायट्राइल रबराचे घ्यावेत. सुती किंवा चामड्याचे मोजे औषध पिऊन घेतात, ते नसलेले बरे. छातीपासून गुडघ्यापर्यंत प्लास्टिकचा ॲप्रन आणि डोळ्यांवर गॉगल घालून वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं.

झाकणाने औषध मोजू नये, कंपनीगणिक झाकणाचं माप बदलतं. मिलीच्या खुणा असलेलं मापटं याच कामासाठी वेगळं ठेवावं. बादलीत आधी निम्मं पाणी, मग औषध, मग काठीने ढवळत उरलेलं पाणी. पाण्यात मिसळणारी भुकटी असेल तर आधी थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी, नाहीतर गाठी राहतात आणि नोझल तुंबतं. हाताने ढवळणं ही सवय अजून गेलेली नाही, आणि ती नुसत्या सांगण्याने जाईल असंही वाटत नाही. बादलीला काठी सुतळीने कायमची बांधून ठेवली तर जाते.

शिफारस नसताना औषधं एकत्र करू नयेत. कधी द्रावण फाटतं, कधी पानं जळतात, आणि विषबाधा झालीच तर डॉक्टरांना नेमकं कशाशी लढायचं हे कळत नाही. सेंद्रिय फॉस्फरसवर ॲट्रोपिन चालतं. रसशोषक किडींसाठी मारलं जाणारं डायफेन्थियुरॉन वेगळ्या मार्गाने काम करतं, त्याच्यावर ॲट्रोपिन हा उतारा नाही.

मात्रेत आणखी एक गफलत होते. साध्या पंपाने एकरी २०० लिटरच्या आसपास पाणी लागतं, इंजिनच्या पॉवर पंपाला त्याहून बरंच कमी. एकरी औषध तेवढंच जायला हवं म्हणून पॉवर पंपाच्या पाण्यात औषधाचं प्रमाण साधारण तिप्पट ठेवायला सांगतात. पिकाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. पण चालणाऱ्याच्या अंगावर पडणारा प्रत्येक थेंबही तिप्पट कडक असतो, शिवाय अधिक बारीक. इथे मात्र रुमाल उपयोगाचा नाही, योग्य गाळणी असलेला मास्कच लागतो. द्रावणाने भिजलेला रुमाल तर तोंडावर विष धरून ठेवतो.

पंप पाठीवर घेण्याआधी साधं पाणी भरून दहा मिनिटं चालवून पाहावा. गळती बहुधा तीन ठिकाणी असते: झाकणाचा वायसर, टाकीला नळी जोडलेली जागा आणि लान्सचा, म्हणजे फवारायच्या दांडीचा, चाप. वायसर अगदी किरकोळ किमतीचा असतो आणि तो बदलायचा राहून जातो. टाकी काठोकाठ भरू नये, वर चार बोटं जागा सोडावी, म्हणजे वाकताना उसळी येत नाही. पंप आणि पाठ यांच्यामध्ये युरियाच्या गोणीच्या आतला धुतलेला प्लास्टिकचा कागद खांद्यापासून नितंबापर्यंत बांधला, तरी निम्मं काम होतं. पँट बुटांच्या बाहेर ठेवावी, आत खोचली तर बुटाचं तळं होतं. बाहीचं मात्र वेगळं: उंच कपाशीत लान्स वर धरावा लागतो आणि द्रावण हातावरून कोपराकडे ओघळतं. म्हणून बाही मोज्याच्या आत घालून मोज्याची कड बाहेर दुमडावी.

नोझल तुंबलं की तोंडाने फुंकणं अजूनही सर्रास चालतं. तार किंवा सुईही नको, छिद्र रुंदावतं आणि थेंब जाड होतात. जुना दातघासणीचा ब्रश, पाणी आणि एक जादा नोझल खिशात ठेवावं. कपाशीसाठी तणनाशकाचा पंप मुळातच वेगळा हवा. टू-फोर-डी या तणनाशकाला कपाशी इतकी नाजूक आहे की टाकीत राहिलेल्या अंशानेही पानं वेडीवाकडी होतात.

फवारणीसाठी सकाळची वेळ किंवा दुपारी चारनंतरची. पानं नुसती हलतील इतका वारा ठीक, त्याहून जास्त असेल तर काम थांबवावं. वाऱ्याला आडवं चालावं, आणि वारा जिकडे जातो त्या टोकाच्या ओळीपासून सुरुवात करून वाऱ्याच्या उगमाकडे सरकत जावं. असं केलं की फवारा मारलेल्या बाजूला वाहतो आणि माणूस नेहमी कोरड्या झाडांत राहतो. मारलेल्या शेतात निदान दुसऱ्या दिवसापर्यंत खुरपणीला कोणी शिरू नये.

मध्येच खर्रा घोटून तोंडात टाकणं हा विदर्भातला स्वतंत्र धोका. तळहातावर तंबाखू मळताना जे काही हातावर आहे ते सगळं त्यात मुरतं आणि मग गालात धरलं जातं. साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय खर्रा, बिडी, पाणी, काहीच नाही. बांधावर वीस लिटर साधं पाणी आणि साबण आधी नेऊन ठेवावा, तरच हे होतं. काम संपल्यावर डोक्यावरून आंघोळ. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. ते वेगळ्या बादलीत, डिटर्जंटने, दोनदा, आणि धुणाऱ्या बाईने मोजे घालून धुवावेत. मूळ औषधच सांडलेला कपडा धुण्याच्या लायकीचा राहत नाही.

चक्कर, डोकेदुखी आणि मळमळ उन्हानेही होते. पण लाळ गळत असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील, मांसपेशी फडफडत असतील तर ते ऊन नव्हे. लक्षणं दिसायला काही मिनिटं लागू शकतात किंवा रात्रही उलटू शकते. माणसाला शेतातून बाहेर काढून सगळे कपडे उतरवावेत आणि साबण-पाण्याने धुवावं. डोळ्यांत गेलं असेल तर १५ मिनिटं वाहतं पाणी. मदत करणाऱ्यानेही मोजे घालावेत. दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नये. उलटी मुद्दाम काढू नये, द्रावक फुप्फुसात गेला तर दुसरंच संकट. बेशुद्ध असेल तर कुशीवर ठेवून १०८ ला फोन करावा, आणि बाटली किंवा निदान तिचं लेबल बरोबर न्यावं.

लेबलवरचा रंगीत त्रिकोण उंदराला तोंडावाटे दिलेल्या मात्रेवरही ठरतो. लाल म्हणजे किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच प्राणघातक, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्याच्यापुढे. हे वर्गीकरण कामाचं आहे, पण अर्धंच सांगतं. पॅराक्वाट हे तणनाशक पिवळ्या त्रिकोणात येतं, तरी त्याचा एखादा घोट जीव घ्यायला पुरतो आणि त्यावर उतारा नाही.

साठवणीत सर्वांत घातक चूक भांड्यांची होते. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. औषध कधीही दुसऱ्या बाटलीत काढू नये, आणि औषधाच्या भांड्यात दुसरं काही भरू नये. घरात खाटेखाली नको, बियाण्याशेजारी नको, गोठ्यात नको. कुलपाचं कपाट, मुलांच्या हाताबाहेर, उन्हापासून दूर, आणि त्यात भुकटी वरच्या फळीवर, पातळ औषध खालच्या, म्हणजे गळालं तरी भुकटीवर येत नाही. मुळात हंगामापुरतंच आणावं, सवलतीत मिळालं म्हणून जास्तीचं नको.

रिकामी बाटली तीनदा विसळावी: पाव भाग पाणी, झाकण लावून अर्धा मिनिट हलवणं, आणि ते पाणी त्याच पंपात. औषध भरतानाच हे केलं की विसळलेलं पाणी कुठे टाकायचं हा प्रश्न उरत नाही, आणि विकत घेतलेलं औषधही वाया जात नाही. मग खिळ्याने बुडाला दोन भोकं पाडावीत, म्हणजे तिच्यात कोणी रॉकेल भरणार नाही की पिण्याचं पाणी. बाटली चुलीत जाळू नये. मोडून वस्ती आणि विहीर यांच्यापासून दूर पुरावी.