मदतीचा प्रश्न आणि बगची नोंद

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत राउंड या फंक्शनला २.६७५ ही संख्या देऊन ती दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करायला सांगितली, तर उत्तर २.६८ न येता २.६७ येते. शाळेत शिकलेल्या नियमाशी हे उघडच विसंगत आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला भाषेतच चूक सापडली असे वाटणे स्वाभाविक आहे. तो ती बग, म्हणजे भाषेतील दोष, म्हणून नोंदवतो आणि ‘हा बग नाही’ असा शेरा मिळून नोंद बंद होते. त्याला खरे तर स्पष्टीकरण हवे होते, आणि ते मागण्याची जागा वेगळी होती.

मदतीचा प्रश्न आणि बगची नोंद वरवर सारखेच दिसतात, कारण दोन्हींत कोड असतो, एरर असते आणि ‘हे असे का होते?’ ही तक्रार असते. फरक आहे तो शेवटी काय बदलणार यात. प्रश्न सुटतो तेव्हा विचारणाऱ्याचा कोड किंवा त्याची समजूत बदलते. बग सुटतो तेव्हा भाषा बदलते आणि तो बदल पुढच्या आवृत्तीबरोबर सगळ्या वापरकर्त्यांपर्यंत जातो. म्हणूनच प्रश्नाला कोणीही जाणकार वापरकर्ता उत्तर देऊ शकतो, बगच्या नोंदीवर मात्र मोजक्या मेंटेनरांनाच, म्हणजे भाषेची देखभाल करणाऱ्यांनाच, निर्णय घ्यावा लागतो, आणि मुक्तस्रोत भाषांमध्ये त्यांतले बरेचजण हे काम फावल्या वेळात विनामोबदला करत असतात. चुकीच्या जागी आलेला प्रत्येक प्रश्न त्यांच्या याच वेळातून वजा होतो.

वरच्या उदाहरणात नेमके काय घडते ते पाहण्यासारखे आहे. संगणक अपूर्णांक द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरणाऱ्या, पद्धतीत साठवतो आणि २.६७५ ही संख्या त्या पद्धतीत तंतोतंत बसत नाही. प्रत्यक्षात साठवली जाते ती २.६७४९९९९९९९९९९९९८२२… अशी, मूळ संख्येहून किंचित लहान. ती राउंड केल्यावर २.६७ येणे हे बरोबरच आहे. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात राउंडच्या माहितीखाली हेच उदाहरण दिले आहे आणि हा बग नसल्याचेही तिथे स्पष्ट लिहिले आहे. हीच अडचण मदतीचा प्रश्न म्हणून मांडली असती, तर उत्तर देणाऱ्याने आधी विचारले असते की हा हिशेब कशासाठी हवा आहे, आणि दशांश अचूकता आवश्यक असेल तर डेसिमल हे मॉड्यूल (पायथनबरोबर मिळणारा तयार कोड) वापरायला सुचवले असते. बगची नोंद तपासणारा सहसा एवढेच पाहतो की भाषा ठरल्याप्रमाणे वागते की नाही.

काही वेळा भाषाच आपल्याला दिशा दाखवते, आणि याबाबत रस्ट या भाषेचा कंपायलर, म्हणजे कोड तपासून तो यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम, मला आदर्श वाटतो. एखादे मूल्य दुसरीकडे सोपवून झाल्यावर पुन्हा वापरले, तर तो ई०३८२ या क्रमांकाची एरर देतो. क्रमांकावरून तिचे सविस्तर स्पष्टीकरण मागवता येते, आणि ते वाचूनही उमगले नाही तर खुशाल मदत मागावी. पण कंपायलर स्वतःच कोसळला, तर संदेशातच लिहिलेले असते की हा बग आहे, आणि तो कुठे नोंदवायचा तेही सांगितलेले असते. आपला कोड कितीही चुकीचा असला तरी कंपायलरने कोसळता कामा नये, म्हणून अशा वेळी संकोच न करता नोंद करावी.

आर या भाषेच्या वापरकर्त्यांची गल्लत बहुधा आणखी एका ठिकाणी होते. बिघाड आरमध्ये नसतो, तो एखाद्या पॅकेजमध्ये, म्हणजे भाषेला जोडून घेतलेल्या कोडच्या संचात, असतो आणि त्या पॅकेजचा मेंटेनर निराळा असतो. मेंटेनर याच नावाच्या फंक्शनला पॅकेजचे नाव दिले की जबाबदार व्यक्तीचे नाव आणि ईमेल मिळते.

लिहिण्याची पद्धतही दोन्हीकडे सारखी नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेकांचे इथेच बिनसते. प्रश्नात आपला अंतिम हेतू सांगणे फार महत्त्वाचे असते, कारण पुष्कळदा आपण निवडलेला मार्गच चुकलेला असतो आणि हेतू कळल्याशिवाय समोरच्याला तो दिसत नाही. काय काय करून पाहिले हेही सांगावे. बगच्या नोंदीत हेतूपेक्षा तो बिघाड दुसऱ्याला पुन्हा घडवून पाहता येणे महत्त्वाचे: भाषेची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टीम, बिघाड दाखवणारा लहानात लहान प्रोग्रॅम, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले. आपला तर्क लिहायला हरकत नाही, पण तो निरीक्षणात मिसळू नये. दोनशे ओळींचा कोड कमी करत दहा ओळींवर आणताना चूक आपलीच होती हे अनेकदा कळते आणि नोंद करण्याची गरजच उरत नाही. ते कष्ट वाया गेले असे समजू नये.

या दोहोंच्या मधली एक जागा सहज दुर्लक्षित राहते. मदत मागितली, उत्तर मिळाले, पण दस्तऐवज वाचून तसा अर्थ कोणालाही काढता आला नसता असे लक्षात आले, तर तो दस्तऐवजातील दोष ठरतो आणि तो नोंदवणे योग्यच असते. नवशिक्यांनी इथे अवश्य हातभार लावावा असे मला मनापासून वाटते, कारण जाणकारांना तो गोंधळ आता दिसेनासा झालेला असतो.

आपली अडचण कोणत्या प्रकारची आहे हे ठरवता येत नसेल, तर आधी मदत मागावी. तीच अडचण इतरांनाही आली आणि जाणकारांनी हा बगच असल्याचे सांगितले, तर आधीची नोंद आहे का ते शोधून, नसल्यास तोच लहान प्रोग्रॅम घेऊन नवी नोंद करता येते. मात्र सुरक्षेतील त्रुटी सापडली आहे असे वाटले, तर ती प्रश्न म्हणूनही जाहीर करू नये आणि बग म्हणूनही उघडपणे नोंदवू नये. भाषेच्या सुरक्षा गटाला खासगीत कळवावे, म्हणजे दुरुस्ती तयार होण्याआधी तिचा गैरवापर होणार नाही.