स्पेनच्या ग्रामीण भागातील ग्रॅव्हल सायकलिंग

शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटा, वनखात्याचे कच्चे रस्ते, मेंढ्यांचे जुने मार्ग आणि रूळ काढून टाकलेले रेल्वेमार्ग यांवरून रुंद टायरच्या सायकलीने केलेला लांब पल्ल्याचा प्रवास. ग्रॅव्हल सायकलिंग हा प्रकार अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील खडीच्या रस्त्यांवर रुजला. कॅन्सस राज्यातील एम्पोरिया येथे २००६ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीने त्याला नाव मिळवून दिले, आणि आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने २०२२ पासून त्याची जागतिक अजिंक्यस्पर्धा भरवायला सुरुवात केली. स्पेनमध्ये हा खेळ उशिरा आला, पण त्याला लागणाऱ्या वाटा तिथे कित्येक शतके तयार होत्या. त्या सायकलसाठी कोणी बांधलेल्या नव्हत्या. मेंढपाळ, शेतकरी, खाणकामगार आणि कालव्यावरचे खेचरवाले यांच्या पायांखाली त्या घडल्या. म्हणून येथे सायकलीविषयी थोडे आणि वाटांविषयी अधिक सांगणे योग्य ठरेल.

या सायकलीचे हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले असते, पण टायर साधारण ३८ ते ५० मिमी. रुंद असतात, ब्रेक डिस्कचे असतात आणि चढासाठी हलके गिअर असतात. टायरमध्ये ट्यूब नसते. आतल्या पातळ चिकट द्रवामुळे लहान भोके आपोआप बुजतात. स्पेनच्या कोरड्या भागात याची फार गरज पडते. आपल्याकडे ज्याला सराटा किंवा गोखरू म्हणतात तेच काटेरी झुडूप तिथे शेताच्या कडेला उगवते आणि त्याची फळे साध्या ट्यूबची चाळण करतात.

मेंढ्यांचे मार्ग : स्पेनमधील सर्वांत जुन्या वाटा मेंढ्यांच्या आहेत. उन्हाळ्यात उत्तरेकडील डोंगरकुरणे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडील उबदार माळ अशी कळपांची ये-जा मध्ययुगापासून चालत आली. १२७३ मध्ये राजा दहावा आल्फोन्सो याने मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला सनद दिली. मेरिनो लोकरीच्या व्यापारावर राज्याचा खजिना बऱ्याच अंशी उभा असल्यामुळे मेस्ताच्या वाटांना शेतकऱ्यांच्या हक्कांपेक्षाही वरचे संरक्षण मिळाले. १८३६ मध्ये मेस्ता बरखास्त झाली, वाटा मात्र सार्वजनिक मालकीच्याच राहिल्या. आज त्यांची लांबी सुमारे १,२५,००० किमी. मानली जाते.

२३ मार्च १९९५ च्या कायद्याने या मार्गांची रुंदी पुन्हा नक्की केली : ‘कान्यादा’ ७५ मी. पर्यंत, ‘कॉर्देल’ साडेसदतीस मी. पर्यंत आणि ‘वेरेदा’ २० मी. पर्यंत. पंचाहत्तर मीटर म्हणजे आठपदरी महामार्गालाही पुरून उरेल एवढा पट्टा, आणि तो सगळा गवताचा. याच कायद्याने पायी चालणे, घोडेस्वारी आणि इंजिनाविना चालणारी वाहने यांना ‘पूरक वापर’ म्हणून परवानगी दिली. अट एकच, जनावरांच्या वाटचालीला अग्रक्रम. स्पेनमधील ग्रॅव्हल सायकलिंगचा सर्वांत भक्कम कायदेशीर आधार हाच आहे. कळप समोर आला की सायकल बाजूला घेऊन थांबायचे, हा केवळ शिष्टाचार नाही, तो कायदा आहे. प्रत्यक्षात काही ठिकाणी शेजारच्या शेतकऱ्याने वाट नांगरून टाकली आहे, काही ठिकाणी तिच्यावर डांबर पडले आहे किंवा घरे उभी राहिली आहेत. तेरुएल प्रांतातील ग्वादालाव्हियार या गावचे काही मेंढपाळ आजही हिवाळ्यासाठी कळप घेऊन सिएरा मोरेना डोंगररांगेपर्यंत चालत जातात. गावात या हंगामी भटकंतीचे संग्रहालयही आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेच्या वारसायादीतील नोंदीत स्पेनचा समावेश केला.

शेतवाटा, कालवे आणि रूळ : मेंढ्यांच्या वाटा वळणावळणाने जातात, तर स्पेनच्या मध्यभागातील कास्तियाच्या पठारावरच्या रुंद, सरळसोट वाटा पाहताक्षणी वेगळ्या ओळखू येतात. त्या विसाव्या शतकातल्या आहेत. वारसाहक्काने तुकडे-तुकडे झालेल्या जमिनी एकत्र आणण्यासाठी १९५२ मध्ये कायदा झाला आणि पुढच्या दशकांत गावोगावी फेरवाटप होऊन ट्रॅक्टर जाईल असे नवे रस्ते आखले गेले. सायकलस्वाराला ते सोयीचे आहेत, पण या कामात बांधांवरची झाडेझुडपे मोठ्या प्रमाणावर गेली. गव्हाच्या प्रदेशात जून महिन्यात वीस किमी. चालवूनही सावली मिळत नाही, त्यामागे हे मोठे कारण आहे.

याच प्रदेशातून कास्तियाचा कालवा जातो. १७५३ ते १८४९ या काळात खणलेला हा २०७ किमी. लांबीचा कालवा धान्य समुद्राच्या दिशेने नेण्यासाठी होता. काठावरून खेचरे होड्या ओढत. रेल्वे आली आणि त्याचा व्यापार संपला. खेचरांच्या त्या काठवाटा आता पालेन्सिया, बुर्गोस आणि बायादोलिद प्रांतांतील सर्वांत सपाट, पॉप्लर झाडांच्या सावलीतल्या सायकलवाटा झाल्या आहेत. नवशिक्याने सुरुवात इथून करावी.

पुढे रेल्वेचीही तीच गत झाली. १ जानेवारी १९८५ रोजी तोट्यातले अनेक मार्ग एकदम बंद करण्यात आले. १९९३ पासून अशा मार्गांचे ‘व्हिया व्हेर्दे’ म्हणजे हरितमार्ग करण्याचा कार्यक्रम स्पॅनिश रेल्वे प्रतिष्ठानच्या देखरेखीखाली सुरू झाला, आणि आज त्यांची एकूण लांबी ३,००० किमी. हून अधिक आहे. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून या वाटा डोंगरातही सौम्य असतात. त्यांतला सर्वांत लांब ओखोस नेग्रोसचा. तेरुएलमधील खाणींतले लोखंडाचे खनिज भूमध्य समुद्रावरच्या सागुंतो बंदरात नेणारी ही खासगी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९७२ मध्ये थांबली. तिच्या पट्ट्यावरून सुमारे १६० किमी. सायकल चालवता येते. पठाराच्या थंडीतून निघून संत्र्यांच्या बागांमध्ये उतरता येते. कादिस प्रांतातील ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो हा ३६ किमी. चा मार्ग याहून विलक्षण आहे. तीस बोगदे आणि उंच पूल बांधून झाले, पण त्यावरून प्रवासी गाडी कधीच धावली नाही. आज तिथे गिधाडांच्या मोठ्या वसाहतीचा साफ्रामागोनचा सुळका पाहत सायकली जातात. बोगद्यांसाठी दिवा जवळ असणे आवश्यक.

शांततेचे कारण : या वाटा इतक्या निवांत का, याचे उत्तर निसर्गात शोधू नये. १९५० ते १९७५ या काळात खेड्यांतली माणसे माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओ, व्हॅलेन्सिया इथल्या कारखान्यांकडे आणि फ्रान्स-जर्मनीकडे निघून गेली. तेरुएल आणि सोरिया प्रांतांत आज दर चौ. किमी. ला नऊच्या आसपास माणसे राहतात. मोलिना दे आरागोनच्या परिसरात तर दोन-तीनच. शाळा बंद, दवाखाना आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी, पाववाल्याची गाडी हॉर्न वाजवत येते तेवढीच बाजारपेठ. १९९९ मध्ये ‘तेरुएल एक्सिस्ते’ म्हणजे ‘तेरुएल अस्तित्वात आहे’ ही नागरिकांची चळवळ उभी राहिली, ३१ मार्च २०१९ रोजी रिकाम्या झालेल्या गावांच्या लोकांनी माद्रिदमध्ये मोठा मोर्चा काढला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या चळवळीचा प्रतिनिधी संसदेत निवडून गेला. सायकलस्वार ज्या शांततेचे कौतुक करतो तिची किंमत गावाने मोजलेली आहे. हे विसरून लिहिलेली प्रवासवर्णने, कितीही सुंदर असली, तरी अर्धीच राहतात.

या भागातून जाणारा ‘मोंतान्यास व्हासियास’ म्हणजे ‘रिकामे डोंगर’ हा मार्ग देशातील सर्वांत परिचित लांब पल्ल्याच्या ग्रॅव्हल मार्गांपैकी एक आहे. तेरुएल शहरातून निघून तिथेच परतणारे हे सुमारे ७०० किमी. चे वर्तुळ अल्बारासिन, कुएन्का, आल्तो ताखो आणि हावालाम्ब्रे यांच्या डोंगरांतून फिरते. ताखो म्हणजे पोर्तुगालमध्ये लिस्बनला समुद्राला मिळणारी टॅगस नदी; तिचा उगम याच वाटेजवळ, पाइनच्या जंगलात होतो. दिवसभरात एखादी वनखात्याची गाडी आणि डोक्यावर गिधाडे, असा प्रवास इथे अपवाद नाही. आरागोन प्रदेशात ‘बहुसेवा केंद्र’ नावाची चांगली सोय आहे : दुकान, कॅफे आणि कधी मुक्कामाच्या खोल्या एकाच छताखाली. गावात शेवटचे दुकान टिकावे म्हणून सार्वजनिक मदतीने ही केंद्रे चालतात. शिधा शहरातून बांधून न आणता इथे घेतला, तर आपला प्रवास गावाच्या थेट उपयोगी पडतो.

इतर प्रदेश : आग्नेयेकडे ग्रानादा आणि आल्मेरिया प्रांतांत देश एकदम उजाड होतो. गोराफेची लाल मातीची घळ, तिच्या काठावरची दोनशेहून अधिक महापाषाणी दगडी थडगी, गुआदिक्सची जमिनीत कोरलेली घरे, ताबेर्नासचे वाळवंट आणि काबो दे गाताचा ज्वालामुखीय किनारा हे सगळे ‘बॅडलँड्स’ या बिनमदतीच्या शर्यतीत येते. २०२० मध्ये ती पहिल्यांदा झाली. ऑस्ट्रेलियाचा लॅकलन मॉर्टन याने सातशेहून अधिक किमी. चे अंतर दोन दिवसांच्या आत पूर्ण करून ती जिंकली. वाटेत ३,३९६ मी. उंचीच्या व्हेलेता शिखराजवळचा चढही आहे. हा प्रदेश सवडीने पाहण्याजोगा आहे, आणि त्यासाठी शर्यत नव्हे, वसंत ऋतू निवडावा.

कातालोनियातील जिरोना हे व्यावसायिक सायकलपटूंचे जुने वस्तीस्थान. तिथली ‘ट्राका’ ही शर्यत युरोपातील मोठ्या ग्रॅव्हल मेळ्यांत गणली जाते. वाटा सुंदर आहेत, पण गर्दीमुळे त्यांना ‘निवांत’ म्हणणे आता अवघड झाले आहे. नाव्हारातील बार्देनास रेआलेस हे सुमारे ४२,००० हेक्टरांचे अर्धवाळवंट २००० पासून युनेस्कोचे जीवावरणक्षेत्र आहे. मधोमध हवाई दलाचे सरावक्षेत्र असल्याने आखलेली वाट सोडता येत नाही. दर १८ सप्टेंबरला रोंकाल खोऱ्यातले मेंढ्यांचे कळप इथे हिवाळी चराईसाठी शिरतात. एस्त्रेमादुरात होल्म ओक आणि बुचाच्या झाडांची विरळ चराऊ राने आहेत. शरद ऋतू ते हिवाळा इथे काळे इबेरियन डुक्कर ओकफळांवर पोसले जातात. वाटेत फाटके लागतात. उघडलेले प्रत्येक फाटक मागे बंद करायचे असते.

वाटेवरचे व्यवहार : पाणी ही मुख्य चिंता. जवळपास प्रत्येक गावाच्या चौकात झरा किंवा नळ असतो. ‘आग्वा पोताब्ले’ म्हणजे पिण्यायोग्य, ‘नो पोताब्ले’ म्हणजे पिऊ नये. ‘सिन त्रातार’ लिहिले असेल तर पाण्यावर प्रक्रिया केलेली नाही एवढाच अर्थ, आणि तेव्हा ते निर्जंतुक करून घ्यावे. दुकाने दुपारी दोन ते पाच बंद असतात. छोट्या गावातील एकमेव कॅफेचा साप्ताहिक सुटीचा दिवस आधी माहीत नसेल, तर उपाशी राहण्याची वेळ येते. ऑगस्टमध्ये मात्र हीच गावे शहरांतून परतलेल्या कुटुंबांनी आणि ग्रामदेवतांच्या उत्सवांनी भरून जातात.

कळपाबरोबरचे मास्तिन जातीचे राखणदार कुत्रे लांडग्यांपासून मेंढ्या राखण्यासाठी वाढवलेले असतात. त्यांना वेगाने येणारी सायकल शत्रू वाटते. खाली उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी, सावकाश बोलत कळपाला लांबून वळसा घालावा. पळू नये आणि कळपातून तर मुळीच जाऊ नये. कर्णरेषेने अर्धी काळी, अर्धी पांढरी अशी पत्र्याची लहान पाटी सर्वत्र दिसते. तिचा अर्थ तिथे शिकारीचे हक्क राखीव आहेत इतकाच. सार्वजनिक वाटेने जाण्यास ती मनाई करत नाही. मात्र ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात शनिवार-रविवारी रानडुकरांच्या हाकाऱ्याच्या शिकारी होतात. त्यांच्या तात्पुरत्या पाट्या वाटेवर लावलेल्या असल्या की मागे फिरणे हाच मार्ग.

पावसानंतर एब्रो नदीच्या खोऱ्यातली आणि कास्तियाच्या सखल भागातली चिकणमाती चाकांना असा लगदा चढवते की चाक फिरायचे थांबते. अशा दिवशी डांबरी रस्ता धरावा; त्या भागांत तोही बहुधा रिकामाच असतो. उन्हाळ्यात दक्षिणेत तापमान ४० अंशांवर जाते, तर तेरुएलमधील कालामोचा येथे डिसेंबर १९६३ मध्ये उणे ३० अंशांची नोंद झाली होती. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले, तरी उंच पठारावर मे महिन्यातही पहाटे पाणी गोठू शकते. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचे आहे. उघड्यावर तंबू ठोकण्याचे नियम प्रत्येक स्वायत्त प्रदेशात निराळे आहेत, आणि उन्हाळ्यात रानात चूल पेटवण्यास मनाई असते. वणव्यांचा इतिहास पाहता ती काटेकोर पाळावी.

वेगवान गाड्यांत सायकल सुटी करून पिशवीत बांधावी लागते. प्रादेशिक गाड्यांत ती उभी नेता येते, पण जागा मोजक्या असतात. माद्रिदहून थेट रेल्वे नसलेली मुख्य भूमीवरील एकमेव प्रांतराजधानी तेरुएल आहे. म्हणून ‘रिकाम्या डोंगरां’कडे जाणाऱ्याला सारागोसा किंवा व्हॅलेन्सियामार्गे, प्रादेशिक गाडीनेच पोहोचावे लागते.