करवंदीच्या जाळीतले जंगल

कोकणातल्या डोंगरउतारावरची वरकस जमीन, म्हणजे नाचणी-वरी पिकवून थकलेली जमीन, पडीक टाकली की पहिल्याच पावसात तिच्यावर टाकळा आणि कुर्डू माजतात. त्यांचे बी बहुधा मातीत आधीच पडून असते. उघडे ऊन आणि मोकळी जागा मिळताच ते उगवते, आणि दिवाळीच्या सुमारास ही रोपे पुढच्या पावसासाठी भरपूर बी टाकून वाळून जातात. काही वर्षांत त्यांची जागा बहुवर्षायू गवते घेतात आणि मग धायटी, रानमोडी, करवंद अशी झुडपे डोके वर काढतात. एका वनस्पतिसमुदायाच्या जागी दुसरा येण्याच्या या क्रमाला अनुक्रमण म्हणतात.

पडिकावर माती, बिया आणि जुनी मुळे तयार असल्यामुळे हे अनुक्रमण दुय्यम ठरते. प्राथमिक अनुक्रमण उघड्या कातळावरून सुरू होते आणि अतिशय सावकाश चालते. तिथे आधी लायकेन येतात (गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूलही लायकेनच), मग शेवाळ, आणि खळग्यांत बोटभर माती साचली की पावसाळ्यापुरती गवते व सीतेची आसवे नावाची छोटी फुलझाडे. या मातीत नत्र फार कमी असल्यामुळे सीतेची आसवे बारीक जीव पकडून आपली गरज भागवतात.

वरकसावर खरे महत्त्व करवंदीच्या जाळीचे आहे, असे मला वाटते. गुरे उतारावरची कोवळी रोपे सहसा शिल्लक ठेवत नाहीत, पण काट्यांच्या जाळीत त्यांचे तोंड शिरत नाही. जाळीवर येऊन बसणाऱ्या बुलबुलांच्या विष्ठेतून आसाणा, अंजनी यांच्या बिया नेमक्या तिच्या बुडाशी पडतात, आणि तिथे पालापाचोळ्यामुळे ओलही जरा जास्त टिकते. एखादी जुनी जाळी काठीने बाजूला सारून पाहिली, तर आत गुडघाभर उंचीची रोपे सरळ उजेडाकडे निघालेली दिसतात. ऐन आणि किंजळ यांना पक्ष्यांची गरज नसते. त्यांची पंखवाली फळे वाऱ्याबरोबर येतात.

हा क्रम कुठे जाऊन थांबतो, याविषयी शास्त्रज्ञांत जुना वाद आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 मध्ये मांडले की प्रत्येक हवामानाला अनुरूप असा एक अंतिम, चरम समुदाय असतो आणि अनुक्रमण तिकडेच जाते. हेन्री ग्लीसन यांनी 1926 मध्ये त्याला विरोध केला: प्रत्येक जाती आपापल्या गरजेप्रमाणे येते-जाते, समुदाय म्हणजे, क्लेमेंट्स मानत तसा, कुणी एक जीव नव्हे. महाबळेश्वरच्या माथ्यावरचे अंजनी, जांभूळ आणि पिसा यांचे सदाहरित रान पाहिले की क्लेमेंट्स पटू लागतात; पण शेजारशेजारची दोन पडिके वेगवेगळ्या वाटेने जाताना दिसली की ग्लीसन यांचे म्हणणे खरे वाटते.

वाट बदलण्याचे मोठे कारण म्हणजे वणवा. उन्हाळ्यात वाळलेले गवत पेटले की कोवळी रोपे जळतात, गवत मात्र पहिल्या पावसात पुन्हा फुटते. म्हणून दरवर्षी पेटणारा उतार वर्षानुवर्षे गवताळच राहतो. आग टळली, तर जाळीतली झाडे वर येऊन सावली धरतात. करवंदाला ऊन लागते. त्या सावलीत त्याच्या फांद्या उजेडाच्या शोधात वेलीसारख्या लांबत जातात आणि फळ कमी धरते.