पडदा थांबवला तिथेच राहतो, तो कशाच्या जोरावर

आमच्या पूर्वेकडच्या खिडकीला मोटरचा रोलर ब्लाइंड आहे, म्हणजे वरच्या नळीवर गुंडाळला जाणारा पडदा; मोटर त्या नळीच्या आतच असते. दोन वर्षं तो बिनतक्रार चालला. मग एका उन्हाळ्यात लक्षात आलं, की रात्री अर्ध्यावर थांबवलेला पडदा सकाळपर्यंत थोडा खाली उतरलेला असतो. भास होतोय का म्हणून चौकटीवर पेन्सिलने रेघ मारली. सकाळी पडद्याची खालची पट्टी रेघेपासून दोन बोटं खाली होती. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने नळीतून मोटर बाहेर ओढली, तिचं टोक चिमटीत धरून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "मोटर एकदम चांगली आहे. ब्रेक गेलाय."

पडद्याच्या मोटरला ब्रेक असतो, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर या ब्रेकचा माग काढत गेलो तो थेट दोनशे वर्षं मागे पोहोचलो.

लटकणारी कुठलीही वस्तू खाली यायला बघते, तसा पडदाही. दोन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच पडदा घ्या. कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅम धरलं, तर नुसतं कापडच २.४ किलो होतं. खालची पट्टी एक किलोची धरली, की ३.४ किलो. हे वजन साधारण दोन सेंटीमीटर त्रिज्येच्या नळीवरून लोंबत असतं, म्हणजे नळीला सतत ०.६७ न्यूटन-मीटरचा पीळ बसत असतो. मोटर चालू असताना ती हा भार उचलते. बटण सोडल्यावर मात्र तो कुणीतरी धरून ठेवायला हवा, रात्रभर आणि वीज नसतानाही.

मोटर येण्याआधी हा प्रश्न ज्याने सोडवला, त्याचं नाव स्ट्युअर्ट हार्ट्शॉर्न. १८६४ मध्ये या अमेरिकन माणसाने स्प्रिंगच्या रोलरचं पेटंट घेतलं. पडदा खाली ओढला की नळीतली स्प्रिंग पिळली जाते आणि सोडला की तीच तो वर गुंडाळते. खरी करामत थांबण्यात होती. रोलरच्या टोकाला एक छोटी खिट्टी असते. रोलर सावकाश फिरत असेल, तर ही खिट्टी स्वतःच्या वजनाने खाचेत पडते आणि पडदा अडकतो. रोलर जोरात फिरला, तर ती बाहेर फेकली जाते, खाचेत पडतच नाही आणि पडदा सर्रकन वर जातो. हळू सोडा, थांबेल. झटका द्या, सुटेल. चुंबक नाही, वीज नाही, फक्त वेगातला फरक ओळखणारा लोखंडाचा एक तुकडा. मला ही रचना आजही विलक्षण वाटते.

चुंबकाची गोष्ट याच्याही चाळीस वर्षं आधी, पॅरिसमध्ये सुरू झाली होती. गॅम्बे नावाच्या उपकरणकाराच्या ध्यानात आलं, की होकायंत्राची सुई हलवून सोडली तर एरवी ती बराच वेळ डोलत राहते, पण तांब्याजवळ असली तर लवकर शांत होते. तांब्याला तर चुंबक चिकटतही नाही! फ्रान्स्वा अरागो यांनी १८२४ मध्ये हा प्रयोग उलटा करून पाहिला. टांगलेल्या सुईखाली त्यांनी तांब्याची चकती फिरवली, तर सुई चकतीच्या मागोमाग फिरू लागली. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स बॅबेज आणि जॉन हर्शेल यांनी तो प्रयोग करून खात्री केली. पण असं का होतं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. उत्तर मिळालं १८३१ मध्ये, मायकेल फॅरडे यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधल्यावर. चुंबकाजवळून सरकणाऱ्या धातूत वीज निर्माण होते आणि पाण्यातल्या भोवऱ्यांसारखी आतल्या आत फिरते. या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व मूळ हालचालीला विरोध करतं. विरोधाचा हा नियम १८३४ मध्ये लेंझ यांनी मांडला. १८५५ मध्ये लिओं फुको यांनी विद्युतचुंबकाच्या ध्रुवांमधून तांब्याची चकती जोर लावून फिरवली, तेव्हा ती चक्क तापली. खर्च केलेला जोर उष्णता होऊन बाहेर पडत होता.

भोवऱ्यांच्या या विरोधावर चालणारा ब्रेक आपल्यापैकी बहुतेकांनी रोज पाहिलेला आहे. जुन्या विजेच्या मीटरमध्ये काचेमागे फिरणारी अॅल्युमिनियमची चकती आठवा. तिच्या कडेवर एक काळी खूण असायची आणि फ्रिज सुरू झाला की ती खूण भरभर समोरून जायची. त्या चकतीला एका बाजूने एक कायमचुंबक कवेत घेऊन बसलेला असे. तो तिला कुठेही शिवत नसे, फक्त वेगाच्या प्रमाणात मागे ओढत असे. म्हणून तर चकतीचा वेग आणि वापरलेली वीज यांचा मेळ बसायचा. असे मीटर १८८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत आणि हंगेरीत तयार झाले. वर्षानुवर्षं चालूनही या ब्रेकमध्ये झिजायला काहीच नाही, कारण घासणारं काही नाही.

मग हाच ब्रेक पडद्याला का नाही लावायचा? इथे बरेच जण गफलत करतात, सुरुवातीला मीही केली. भोवऱ्यांचा ब्रेक हालचालीवर जगतो. वेग जेवढा कमी, तेवढा विरोध कमी, आणि चकती थांबली की विरोध शून्य. तो वेगाला लगाम घालतो, पण थांबलेल्या वस्तूला धरून ठेवू शकत नाही. अशा ब्रेकवर सोडलेला पडदा दाणकन आदळणार नाही, पण मुंगीच्या पावलांनी खाली येत राहीलच. थोपवणं एक आणि धरून ठेवणं वेगळं. पडद्याच्या मोटरचा पुढचा सगळा इतिहास या दुसऱ्या कामाचा आहे.

नळीच्या पोटात मावणारी मोटर पुढे आली ती फ्रान्समधल्या क्लूझ या गावी. आल्प्सच्या पायथ्याच्या त्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या घड्याळांचे भाग आणि बारीक स्क्रू तयार होत आले होते. सोम्फी ही कंपनी तिथेच १९६९ मध्ये उभी राहिली. युरोपात खिडक्यांना बाहेरून गुंडाळायची शटरं असतात आणि ती भलतीच जड. त्यांना उचलायला नळीत एका रांगेत मोटर, ब्रेक आणि गिअर बसवायचे होते. गिअर किड्याचे म्हणजे वर्मचे, स्क्रूसारख्या दांड्याने चाक फिरवणारे घेतले, तर ओझ्याने ते सहसा उलटे फिरत नाहीत, ब्रेकची गरजच बरीचशी संपते. पण असे गिअर शक्ती खातात. मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरणारे, ग्रहमालेसारखे गिअर सरळ नळीत बसतात आणि कमी शक्ती वाया घालवतात. मात्र ओझं त्यांना उलटं फिरवू शकतं. म्हणून ब्रेक आलाच.

घरच्या विजेवर चालणाऱ्या या मोटरींत तो बसवला कसा, ते पाहण्यासारखं आहे. रोटरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या टोकाला लोखंडाची एक छोटी तबकडी असते. स्प्रिंग तिला सतत ब्रेकच्या घर्षणपट्टीवर दाबून धरते. मोटरला वीज मिळाली, की स्टेटरचं, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाचं चुंबकत्व रोटर फिरवता फिरवता या तबकडीलाही ओढून घेतं आणि ब्रेक सुटतो. वीज बंद होताच स्प्रिंग तिला पुन्हा ढकलते. बटण सोडल्यावर नळीतून येणारा "टक" आवाज तो हाच. इथे चुंबक ब्रेक लावत नाही, सोडवतो. धरण्याचं काम स्प्रिंगचं, त्यामुळे वीज गेली तरी पडदा जागचा हलत नाही. लटकत्या ओझ्याबाबत हा विचार जुना आहे. १८५४ मध्ये एलिशा ओटिस यांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उद्वाहनाच्या फळीवर उभं राहून वरचा दोर कापायला लावला होता. दोराचा ताण गेला आणि स्प्रिंगने फळी जागीच अडवली.

आमच्या मोटरमध्ये झिजली होती ती हीच घर्षणपट्टी. कारागिराने बोट फिरवून दाखवली, आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

खोलीतल्या हलक्या पडद्यांची मोटर बॅटरीवर आली, तेव्हा या रचनेची अडचण झाली. मोटर चालू असेपर्यंत ब्रेक सुटलेला ठेवायलाच वीज लागते आणि झोपायच्या खोलीत तो "टक" नको असतो. तोवर चुंबकच बदलले होते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचे चुंबक तयार केले. नखाएवढा तुकडाही बोटाला चिमटा काढेल इतका ताकदवान. त्यातून घासणं नसलेला आणि तरीही धरणारा ब्रेक शक्य झाला. मोटरच्या दांड्यावर चुंबकांचं एक कडं आणि त्याच्याभोवती स्थिर चुंबक किंवा लोखंडी दात. ध्रुव समोरासमोर आले की कडं तिथे बसतं आणि हलायला नाखूश असतं.

नवी मोटर बसवण्याआधी कारागिराने अशा चुंबकी ब्रेकचा सुटा भाग माझ्या हातात दिला. दांडा फिरवला तर बोटांना ठोके जाणवतात: आधी अडतो, मग स्वतःहून पुढच्या जागी उडी घेतो. अडताना जेवढा जोर घेतो, जवळजवळ तेवढाच उडी मारताना परत देतो, म्हणून बॅटरीवर त्याचा बोजा फारसा पडत नाही. त्या ठोक्यांची थरथर तेवढी उरते.

एवढंसं कडं साडेतीन किलोचा पडदा कसं पेलतं? ते गिअरच्या मोटरकडच्या बाजूला बसवलेलं असतं म्हणून. गिअर शंभरास एक असतील, म्हणजे मोटरच्या शंभर फेऱ्यांत नळीची एक फेरी होत असेल, तर वरचा ०.६७ न्यूटन-मीटरचा पीळ तिथे पोहोचेपर्यंत ०.००६७ उरतो. सेंटीमीटरभर त्रिज्येच्या चाकाच्या कडेला एक लिंबू टांगलं तर पडेल, साधारण तेवढाच भार.

लेंझचा नियमही या नळीत आहेच. पडदा थांबवताना मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली, की ती जनित्र होते आणि स्वतःच्याच फिरण्याला विरोध करते. वेग मरतो तो यामुळे, आणि मग चुंबकांचं कडं त्याला धरून ठेवतं. थोपवणं आणि धरून ठेवणं ही दोन कामं इथे अशी वाटून दिलेली आहेत; मीटरच्या ब्रेकला यातलं दुसरं जमलं नसतं.

अशा पडद्यांची मागणी वाढण्यामागे निव्वळ चैन नाही. दोरीच्या पडद्यांत लहान मुलांच्या गळ्याला फास बसतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या आकडेवारीनुसार तिथे पाच वर्षं आणि त्याखालची सरासरी नऊ मुलं दरवर्षी अशी दगावतात. डिसेंबर २०१८ पासून तिथल्या मानकाने दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना लोंबती दोरी चालणार नाही, असं ठरवलं. स्प्रिंगचे पडदे या नियमात बसतात, मोटरचेही बसतात. दोरी गेली की पडद्याला धरून ठेवणारी खुंटीवरची गाठही जाते. ते काम आता पूर्णपणे नळीतल्या ब्रेकवर असतं.

पेन्सिलची रेघ मी पुसलेली नाही. नवी मोटर बसून आठ महिने झाले, पट्टी रेघेवरच आहे.