मेटफॉर्मिनचे ४८ तास: पेट स्कॅनचे वेगळे, कॉन्ट्रास्ट सीटीचे वेगळे

आईच्या पेट स्कॅनच्या (कॅन्सर शोधायच्या तपासणीच्या) वेळी आम्ही नेमकं उलटं केलं, आधीच्या सीटीचा कागद बघून मेटफॉर्मिन, म्हणजे मधुमेहाची गोळी, स्कॅन झाल्यावर बंद केली, आणि रिपोर्टमध्ये आलं की मोठ्या आतड्यात सगळीकडे अपटेक (स्कॅनचं औषध ओढून घेणं) वाढलेला आहे, औषधामुळे असू शकतो. ते 'असू शकतो' वाचून झोप उडाली होती. दोन्हीकडे ४८ तासच सांगतात ना, म्हणून गोंधळ होतो.

पेटमध्ये शिरेतून एफडीजी देतात, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली साखरच म्हणा. कॅन्सरच्या पेशी साखर भराभर ओढतात म्हणून त्या जागा उठून दिसतात. पण मेटफॉर्मिन चालू असली की आतडंही ती साखर ओढायला लागतं, जास्त करून मोठं आतडं, मग पोटाच्या चित्रात त्याची वळणं लखलखतात आणि तिथे एखादी बारीक गाठ असली तर त्यात झाकली जाते, किंवा काही नसताना उगाच संशय येतो. म्हणून पोटातलं बघायचं असेल तर गोळी ४८ तास आधी थांबवायला सांगतात.

कॉन्ट्रास्ट सीटीत, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून कॉन्ट्रास्ट औषध देऊन केलेल्या सीटीत, गोळीमुळे चित्र बिघडतच नाही, तिथे काळजी किडनीची. मेटफॉर्मिन लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. किडनी आधीच कमजोर असेल आणि कॉन्ट्रास्टनंतर आणखी मंदावली तर गोळी रक्तात साठते आणि लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक ॲसिड साठणं) होऊ शकतो, क्वचितच होतो पण झाला तर जिवावर बेततं. म्हणून ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) ३० च्या खाली असेल तर स्कॅनच्या वेळी गोळी थांबवतात आणि ४८ तासांनंतर किडनी तपासून मगच परत चालू करतात. किडनी चांगली असेल तर बहुतेकांना थांबवावीच लागत नाही.

इन्सुलिनचं अजून वेगळं. पटकन काम करणारं इन्सुलिन घेऊन लगेच पेटला गेलं तर एफडीजी स्नायूंमध्ये आणि हृदयात शिरतं, गाठीपर्यंत कमी पोचतं, म्हणून मध्ये निदान ४ तास ठेवतात. आणि घाबरून सगळीच औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका हो, रक्तातली साखर २०० च्या वर गेली तर ती एफडीजीशी स्पर्धा करते आणि स्कॅन पुढे ढकलावा लागू शकतो.

कधीकधी पेट-सीटी कॉन्ट्रास्ट देऊनच करतात, तेव्हा दोन्ही नियम एकदम लागू शकतात. त्यामुळे तारीख घेतानाच विचारून घ्या: गोळी आधी थांबवायची, नंतर, की दोन्ही वेळा?