चुलीपुढची माय, दारातला मुलगा: एक प्रसंग कॅमेऱ्यात कसा घडतो

मुलगा सुरतेहून गावी आलाय. माय चुलीपुढे कळण्याची भाकर थापतेय. दारात उभा राहूनच तो म्हणतो, "माय, वावर ईकी टाकूत." म्हणजे शेत विकून टाकू. मायचा हात थांबतो.

असा प्रसंग लिहायला खान्देशात कुणाला शिकवावं लागत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या गावागावांत आज मोबाइलवर अहिराणी गाणी, विनोदी फिल्मा, लघुपट तयार होतात आणि त्यांचं संवादाचं अंग बहुधा पक्कं असतं. अडतं ते चित्रात. त्याचं कारण कॅमेऱ्याच्या किमतीत क्वचितच असतं. या क्षणी पाहणाऱ्याची नजर नेमकी कुठे हवी, हे शूटिंगच्या आधी ठरलेलं नसतं, तिथे गाडी अडते. वरच्या प्रसंगात ती मायच्या हातावर हवी. एवढं पक्कं केलं की उजेड, भिंग, कॅमेऱ्याची उंची, रंग आणि कट यांचे निम्मे निर्णय आपोआप होतात.

दाराचा उजेड, चुलीचा उजेड

धाब्याच्या घरात पहिली अडचण दाराची. बाहेर भर उन्हात साधारण एक लाख लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, आत चुलीजवळ शंभरेक लक्स. फरक हजारपट. उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप, या हिशेबाने तो दहा स्टॉप होतो. मोबाइलचा सेन्सर एका चौकटीत जेमतेम एवढाच फरक पेलतो. मग एक तर दारातला मुलगा काळी आकृती होतो, नाहीतर दार पांढरंफटक जळतं. दुसरं जास्त वाईट. माणसाचा डोळा चौकटीतल्या सर्वांत उजळ जागेकडे आधी ओढला जातो, म्हणजे आपल्याला हात दाखवायचा असताना प्रेक्षक दार बघत बसतो.

उपाय फुकट आहे: वेळ बदला. दार पूर्वेला असेल तर दुपारी चारनंतर अंगणात घराचीच सावली पडते आणि बाहेरचा उजेड तीन-चार स्टॉपने उतरतो. मागच्या बाजूला खिडकी किंवा छपराला झरोका असेल, तर बाहेर उन्हात चार बाय आठ फुटांची थर्माकोलची शीट धरून तिथून उजेड आत ढकलता येतो. शीट मोठीच घ्यावी. उजेड देणारा पृष्ठभाग जितका मोठा आणि जवळ, तितक्या सावल्यांच्या कडा मऊ. लहान आणि दूर असेल तर सावली धारदार पडते. सूर्य आकाराने प्रचंड असला तरी इथून तो अर्ध्या अंशाएवढाच दिसतो, म्हणून त्याची सावली इतकी कडक.

धुराचाही विचार आधीच करा. धुराचे कण उजेड मागे फेकतात त्यापेक्षा पुढच्या दिशेने जास्त विखुरतात, त्यामुळे उजेड कॅमेऱ्याच्या समोरून येत असेल तर धूर दाट दिसतो आणि झरोक्याचा कवडसा उठून येतो. उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून असेल तर तोच धूर जवळपास नाहीसा होतो. म्हणून एका दिशेचे सगळे शॉट्स सलग घ्यावेत. एक शॉट धुराने भरलेला आणि पुढचा स्वच्छ, असं झालं की जोड उघडा पडतो.

उजेडाच्या रंगाचं गणित केल्विनमध्ये मोजतात: आकडा कमी तितका उजेड नारिंगी, जास्त तितका निळसर. चुलीचा जाळ १,९०० केल्विनच्या आसपास, सावलीतलं अंगण ७,००० च्या आसपास. मोबाइल स्वतःहून या दोन्हींची सरासरी शोधत राहतो. मुलगा दारातून सरकला, उजेडाचा वाटा बदलला, की चालू शॉटमध्ये भिंतीचा रंग पालटतो. हा दोष नंतर दुरुस्त करणं फार किचकट. म्हणून व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग, ४,००० ते ४,५०० वर लॉक करावा. जाळ नारिंगी राहतो, दार निळसर पडतं. माय उबेत, मुलगा गारव्यात. दोघांमधलं अंतर तो तोंड उघडण्याआधीच चौकटीत दिसू लागतं, आणि दृश्यरचनेचं खरं काम हेच.

घरात ट्यूब किंवा स्वस्त एलईडी चालू असेल तर शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/६० वर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला या चढउतारांचा अपुरा तुकडा येतो आणि भिंतीवर काळे पट्टे सरकू लागतात.

काळी जमीन, तापीची वाळू, केळीची बाग

बाहेरच्या चित्रीकरणात खान्देशाचा भूगोल थेट चेहऱ्यावर उतरतो. जळगाव, धुळे साधारण २१ अंश उत्तरेला आहेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात इथे मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, नाकाची ओठांवर. डोळे दिसत नाहीत आणि डोळे नाहीत तर अभिनय नाही. डिसेंबरच्या मध्यान्ही मात्र सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो. स्टुडिओत मुख्य दिवा याच उंचीवर टांगण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे जो दिवा मुंबईत भाड्याने घ्यावा लागतो, तो हिवाळ्यात आपल्याकडे दुपारी बाराला आयता मिळतो. उन्हाळी सुट्टीतच शूटिंगचे बेत आखणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

पायाखाली काय आहे तेही महत्त्वाचं. कपाशीची काळी जमीन पडलेल्या उजेडातला दहा टक्क्यांच्या आसपासच परत फेकते. तापीच्या पात्रातली कोरडी वाळू तीस-चाळीस टक्के फेकते. वाळूत उभ्या माणसाच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांत खालून उजेड भरतो, काळ्या रानात भरत नाही. तिथे दोघांनी पांढरी चादर ताणून, चौकटीच्या बाहेर, कमरेच्या उंचीवर धरावी.

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा देखण्या आहेत, पण चेहऱ्यांना त्रासदायक. पानांतून गाळून येणारा आणि पानांवरून परतणारा उजेड हिरवा असतो आणि कातडी आजारी दिसते. नंतर संगणकावर टिंट (रंगाचा हिरवा-गुलाबी तोल) गुलाबीकडे सरकवला तर चेहरा सुधारतो, बाग मात्र मरगळते. बागेच्या आत खोलवर जाण्याऐवजी पात्रं बांधाजवळ उभी करावीत: चेहऱ्यावर मोकळ्या आभाळाचा उजेड, पाठीमागे हिरवी खोली. अंगावर लाल किंवा विटकरी कपडा असेल तर माणूस हिरव्यातून सुटा होतो.

भर उन्हात मोबाइल आणखी एक घोळ करतो. त्याच्या मुख्य भिंगाचं छिद्र एफ १.८ च्या आसपास कायमचं उघडं असतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ५० ला योग्य उजेड साधायला तो शटर १/४००० पर्यंत नेतो. प्रत्येक फ्रेम लख्ख गोठते, हालचालीची नैसर्गिक पुसट रेघ जाते आणि धावणारा माणूस झटके खात धावतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० हवं. १/४००० पासून १/५० म्हणजे ८० पट जास्त उजेड, म्हणून भिंगापुढे एनडी ६४ फिल्टर, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारी काळसर काच, लावायचा. उरलेला एक-तृतीयांश स्टॉप शटर किंचित जलद करून जमतो.

कॅमेरा कुठे, किती उंचीवर

चेहरा मोठा दिसावा म्हणून मोबाइल नाकाजवळ नेणं ही सगळ्यांत जास्त आढळणारी चूक. नाकाचं टोक कानांच्या साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतं. कॅमेरा नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल तर कान ४२ वर, म्हणजे नाक कानांच्या तुलनेत १.४ पट फुगतं. दीड मीटरवर गेलं की हेच प्रमाण १.०८ होतं. विनोदी फिल्ममध्ये पहिलं चालेल. मायच्या चेहऱ्याला दीड मीटर मागे जा आणि दुप्पट झूमचं भिंग वापरा. चेहऱ्याचा आकार अंतर बिघडवतं. भिंग फक्त किती भाग कापून दाखवायचा ते ठरवतं. हलता शॉट हवा असेल तर हिंदी सिनेमांच्या घरगुती विनोदी नकला करणाऱ्या मालेगावच्या फिल्मवाल्यांनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून दाखवलीच आहे.

उंचीचं पाहा. बसलेल्या मायचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांवर, उभ्या मुलाचे सव्वापाच फुटांवर. मुलाचा शॉट मायच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतला तर तो अंगावर आल्यासारखा वाटतो. मायचा त्याच्या उंचीवरून घेतला तर ती आणखी लहान होते. वावर विकण्याची गोष्ट तो उभ्यानेच बोलला आणि उत्तर ऐकायला उकिडवा बसला, तर दोघांचा कॅमेरा अडीच फुटांवर येतो आणि बळ कुणाकडे सरकलं हे एकही शब्द न वाढवता कळतं.

दोघांच्या नजरांमधून एक रेषा कल्पावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवावा. माय उजवीकडे बघते, मुलगा डावीकडे. रेषा ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघू लागतात आणि घरात तिसरं कुणी असल्याचा भास होतो. दहा बाय बाराच्या खोलीत ही चूक हमखास होते, कारण चूल कोपऱ्यात असते आणि कॅमेऱ्याला जागा पलीकडेच सापडते. अशा वेळी माय अर्धा फूट पुढे सरकवून बसवली तरी चालते, प्रेक्षकाला कळत नाही.

दृश्याची मांडणी शिकायला चाळीसगावला केकी मूस यांचं घर आहे. स्टेशनजवळच्या त्या घरात बहुतेक आयुष्य काढलेल्या या छायाचित्रकाराने घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडून, उजेड हवा तसा वळवून, अख्खे देखावे उभे केले. एक चौकट, एक उजेड, नको ती वस्तू बाहेर. चुलीमागच्या भिंतीवर लटकलेली प्लास्टिकची पिशवी चौकटीत राहते तेव्हा त्यांची ती टेबलं आठवावीत.

कट: डोळा चुकवण्याचं शास्त्र

आपले डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा उडी मारतात आणि त्या उडीच्या क्षणी मेंदू चित्र जवळपास बंद ठेवतो. तुटक चित्रांतून सलग जग जोडायची सवय आपल्याला जन्माची आहे, म्हणूनच कट खपतो. डॅनियल लेविन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. छोट्या फिल्ममध्ये एक माणूस खुर्चीतून उठतो, कट होतो आणि फोन घ्यायला जातो तो वेगळाच नट. सुमारे दोन-तृतीयांश प्रेक्षकांनी हा बदल सांगितलाच नाही. लक्ष त्या माणसावरच होतं, तरी कृती सलग राहिल्याने बदल निसटला.

भाकर उलटण्याचा कट याच आधारावर बसतो. दूरच्या आणि जवळच्या अशा दोन्ही शॉट्समध्ये पूर्ण कृती घ्या: परातीतून उचलणं, तव्यावर टाकणं, उलटणं. हात वर निघाला, वेग घेतला, की साधारण एक-तृतीयांश हालचालीवर कापा. पुढच्या शॉटमध्ये दोन-तीन फ्रेम मागून सुरुवात केली तर हालचाल सलग भासते. दोन्ही शॉट्समध्ये कॅमेऱ्याची जागा किमान ३० अंशांनी बदललेली हवी, नाहीतर चित्राने उचकी दिल्यासारखं होतं. पिठाचे आठ-दहा गोळे जास्त ठेवा. शॉट पुन्हा घेताना दर वेळी भाकर त्याच टप्प्यावर लागते आणि करपलेली भाकर दुसऱ्या शॉटमध्ये पुन्हा पांढरी झालेली कुणालाही दिसते.

आता मुख्य वाक्य. "वावर ईकी टाकूत" बोलताना मुलगा दाखवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्याचा आवाज मायच्या हातांवर ऐकू यावा. वाक्य संपतं, हात थांबतो, कट तिच्या चेहऱ्यावर, आणि तो निदान दोन सेकंद, म्हणजे ५० फ्रेम, टिकवायचा. तिने चेहऱ्यावर काही करायची गरज नाही. रशियाचा चित्रपट-दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह याच्या नावाने शंभरेक वर्षांपूर्वीचा एक प्रयोग सांगतात: नटाचा तोच भावशून्य चेहरा सुपाच्या वाडग्याशेजारी भुकेला दिसला, शवपेटीशेजारी दुःखी. मूळ फिल्म उरलेली नाही आणि १९९२ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही; नंतरच्या काही प्रयोगांत थोड्या प्रमाणात आढळला. म्हणजे नुसत्या जोडणीवर सगळं सोडता येत नाही. थांबलेला हात आधी स्पष्ट दिसला असेल, तरच पुढचा शांत चेहरा वाचता येतो.

हे सगळं बघितलं जाणार मोबाइलवर. साडेसहा इंची फोन आडवा धरला तर चित्राची उंची सात सेंटीमीटर. पूर्ण उंचीचा माणूस दाखवला तर त्याचा चेहरा एक सेंटीमीटरही भरत नाही. घराचा लांबचा शॉट घ्या, पण त्यात चेहऱ्यावर अवलंबून काही ठेवू नका, आणि तो तीन-चार सेकंद टिकवा. बारीक चित्र वाचायला डोळ्याला वेळ लागतो.

एडिटला बसण्याआधी फाइली तपासा. बरेच मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत, २४.८ वरून २५.१ वर झुलतात, आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज पाच मिनिटांत ओठांपासून सुटतो. आधी सगळ्या फाइली स्थिर २५ फ्रेमवर बदलून घ्या, मगच पहिला कट मारा.