एन्सिलाइट: पुण्यातल्या एका उत्प्रेरकामागचा इतिहास

पॉलिएस्टरच्या धाग्याची सुरुवात पॅरा-झायलीन नावाच्या द्रवापासून होते. अडचण अशी, की नाफ्थ्यावर, म्हणजे कच्च्या तेलातल्या एका हलक्या भागावर, प्रक्रिया करून मिळणाऱ्या झायलीनमध्ये हे पॅरा रूप कमीच असते. मेटा, ऑर्थो आणि पॅरा या तिन्ही रूपांत अणू तेच, मांडणी वेगळी. मिश्रणात निम्म्याच्या आसपास मेटा-झायलीन, पाव ऑर्थो आणि पाव पॅरा. शिवाय इथाइलबेन्झीनही मिसळलेले. पॅरा 138 अंशांना उकळते, मेटा 139 अंशांना, म्हणजे ऊर्ध्वपातनाने त्यांना वेगळे करणे व्यवहारात जमत नाही. गोठण्याच्या तापमानात मात्र मोठी तफावत आहे. पॅरा 13 अंशांना गोठते, मेटा थेट उणे 48 ला. म्हणून मिश्रण थंड करून पॅराचे स्फटिक काढून घेता येतात. मग मागे उरलेल्या द्रवाचे करायचे काय? तो फेकून दिला तर मालाचा मोठा हिस्सा वाया जातो. उत्प्रेरकावरून नेला तर त्यात पुन्हा पॅरा तयार होते आणि चक्र चालू राहते.

या दुसऱ्या पर्यायासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक तयार केला आणि 1985 मध्ये आयपीसीएल या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीच्या वडोदऱ्यातल्या कारखान्यात तो वापरात आला. आपल्याकडे ही गोष्ट ‘स्वदेशी तंत्रज्ञानाचे यश’ एवढ्या एका ओळीत उरकली जाते. ती नीट कळायची तर बरेच मागे जावे लागते.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची स्फटिकी चौकट. तिच्यात रेणूच्या मापाच्या पोकळ्या आणि बोगदे असतात. स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने 1756 मध्ये या खनिजांची पहिली नोंद केली. तापवल्यावर दगडातून वाफ निघते, हे त्याने पाहिले होते. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमध्येही स्टिलबाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट यांचे सुंदर स्फटिक सापडतात. बोरघाटात रेल्वेसाठी खडक फोडले तेव्हा निघालेले नमुने जगभरच्या संग्रहालयांत गेले. त्यामुळे एनसीएलचे काम इथल्या दगडांतून सुरू झाले असावे, असे कुणाला वाटू शकते. तसे नाही. खडकातले स्फटिक एकसारख्या घडणीचे मिळत नाहीत, त्यांत इतर धातू मिसळलेले असतात आणि यातली बरीच खनिजे रासायनिक रिॲक्टरच्या तापमानाला टिकत नाहीत. उद्योगाला हवे होते ते कृत्रिम झिओलाइट.

तो मार्ग 1940 च्या दशकात ब्रिटनमध्ये रिचर्ड बॅरर यांनी खुला केला. युनियन कार्बाइडच्या लिंडे विभागात रॉबर्ट मिल्टन यांनी 1949 पासून ए आणि एक्स हे झिओलाइट बनवले. 1954 पासून ते विकले जाऊ लागले, पण वायू सुकवण्यासाठी आणि वेगळे करण्यासाठी. उत्प्रेरक म्हणून त्यांचा मोठा वापर व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.

तेल उद्योगाला तोवर चिकणमातीने तारले होते. फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री यांनी आम्ल लावलेल्या मातीवर जड तेलाचे पेट्रोल करून दाखवले. 1936-37 मध्ये अमेरिकेत त्यांचे पहिले कारखाने चालू झाले आणि 1942 मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला उत्प्रेरकाची भुकटी द्रवासारखी वाहती ठेवणारे पहिले युनिट सुरू झाले. मातीची जागा पुढे कृत्रिम सिलिका-ॲल्युमिनाने घेतली. मोबिल या अमेरिकन तेल कंपनीत चार्ल्स प्लँक आणि एडवर्ड रोझिन्स्की यांनी त्यात दुर्मीळ मृदा धातूंचे आयन घातलेले झिओलाइट मिसळले आणि 1962 पासून हा उत्प्रेरक कारखान्यांत गेला.

ही घटना तपशिलात पाहण्यासारखी आहे. शुद्ध झिओलाइट इतका प्रखर होता, की त्या काळच्या युनिटमध्ये तो एकटा वापरणे शक्यच नव्हते. म्हणून सिलिका-ॲल्युमिनाच्या भरावात त्याचे थोडेसेच प्रमाण घातले गेले, आणि तेवढ्यानेही त्याच तेलातून पेट्रोल जास्त मिळू लागले आणि उत्प्रेरकावर साचणारा कोळशाचा थर कमी झाला. हा थर जाळताना 700 अंशांच्या घरात तापमान जाते, सोबत वाफ असते आणि वाफ झिओलाइटच्या चौकटीतले ॲल्युमिनियम उखडून काढते. दुर्मीळ मृदा धातूंनी चौकट सावरून धरली. झिओलाइट बनवणे एक आणि वर्षभर रोजच्या मारात तो टिकवणे दुसरे. उद्योगातल्या संशोधनाचा बहुतेक वेळ या दुसऱ्या कामात जातो आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

मोबिलमध्येच पॉल वाइझ आणि व्हिन्सेंट फ्रिलेट यांनी 1960 मध्ये दाखवले, की पोकळीचे माप निवडले तर कोणता रेणू अभिक्रियेत उतरणार हेही ठरवता येते. या विचाराला सर्वांत मोठे फळ आले ते झेडएसएम-5 या कृत्रिम झिओलाइटच्या रूपाने. रॉबर्ट आर्गॉवर आणि जॉर्ज लँडोल्ट यांच्या नावावर त्याचे पेटंट 1972 चे. त्याचे बोगदे साधारण साडेपाच अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) रुंद आहेत. सडपातळ पॅरा-झायलीन त्यांतून चटकन बाहेर पडते. ऑर्थो आणि मेटा आत रेंगाळतात, तेवढ्यात त्यांचे रूप बदलते. शिवाय कोळशाला जन्म देणारे मोठे रेणू तयार व्हायला आत जागाच नसते, त्यामुळे उत्प्रेरक दीर्घकाळ चालतो. याच झिओलाइटवर मिथेनॉलपासून पेट्रोल बनवण्याचा मार्गही सापडला, आणि तेलसंकटाने पोळलेल्या न्यूझीलंडने 1980 च्या दशकात मोटुनुई येथे त्याचा कारखाना चालवला.

भारतात आयपीसीएलची स्थापना 1969 ची. कारखाने उभे राहिले ते बहुतांश परदेशी परवान्यांवर. अशा कारखान्यात उत्प्रेरक हा दर काही वर्षांनी बदलावा लागणारा माल असतो, म्हणजे परवान्याचे पैसे एकदा देऊन भागत नाही. परकीय चलनाचा खर्च मागे लागलेलाच राहतो. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या दिवसांत ही साधी गोष्ट नव्हती.

एनसीएलचे संचालक तेव्हा एल. के. दोरायस्वामी होते, रासायनिक अभियांत्रिकीतले मोठे नाव. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत काम केलेले पॉल रत्नस्वामी 1980 च्या सुमारास पुण्यात आले आणि झिओलाइटचा गट उभा राहिला. जोडीला आला एसीसी हा सिमेंट उद्योग. प्रयोगशाळा, उत्प्रेरक तयार करणारा आणि तो वापरणारा, असे तिघे एका कामात आले, आणि यशाचे खरे कारण मला इथेच दिसते. रेणूंच्या पातळीवरचे ज्ञान देशात इतरत्रही होते. प्रयोगशाळेतली ग्रॅमभर पांढरी पूड टनांत कशी न्यायची, याचे उत्तर मात्र एकट्या प्रयोगशाळेकडे नसते.

एन्सिलाइटसारखा झेडएसएम-5 च्या कुळातला झिओलाइट बनवताना सिलिका, ॲल्युमिनियमचा क्षार, अल्कली आणि एक सेंद्रिय संयुग यांचा दाट जेल ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात, 150 ते 180 अंशांवर ठेवतात. त्या सेंद्रिय रेणूंभोवती चौकट वाढते. मग गाळणे, धुणे, वाळवणे; पाचशेहून जास्त अंशांना भाजून सेंद्रिय भाग जाळणे; अमोनियमच्या द्रावणात सोडियम काढून पुन्हा भाजणे. स्फटिक नीट जमले की नाही हे क्ष-किरणांच्या आलेखात 23 ते 25 अंशांच्या दरम्यानची शिखरे पाहून कळते. शेवटी पूड बांधून ठेवणारा पदार्थ घालून पिठाच्या शेवया पाडतात तशा बारीक कांड्या काढायच्या. कांडी मऊ राहिली तर रिॲक्टरमध्ये चुरा होतो आणि दाब चढतो. फार घट्ट झाली तर रेणूंना आत शिरता येत नाही. मोठ्या भांड्यात जेल ढवळण्याचा वेग बदलला तरी स्फटिकांचा आकार बदलतो. निबंधात न मावणारे हे ज्ञान हातांत आणि वहीत साठते.

एन्सिलाइटनंतर एनसीएलने इथाइलबेन्झीनकडे, म्हणजे पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या कच्च्या मालाकडे, मोर्चा वळवला. जगात ते बेन्झीन आणि इथिलीनपासून करतात. इथे इथिलीनऐवजी अल्कोहोल वापरणारी ‘अल्बीन’ प्रक्रिया उभी राहिली. साखर कारखान्यांच्या मळीतून अल्कोहोल मिळणाऱ्या देशात ही निवड मला फार समजूतदार वाटते. रत्नस्वामींना 1984 मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. 1995 ते 2002 ते एनसीएलचे संचालक होते.

1991 नंतर आयात सोपी झाली, 2002 मध्ये आयपीसीएल सरकारकडून खासगी हातांत गेली आणि तिघांच्या त्या जुळणीमागची निकड ओसरली. झिओलाइटचे काम थांबले मात्र नाही. इंडियन ऑइलच्या फरिदाबाद केंद्राने जड तेलापासून एलपीजी आणि प्रोपिलीन जास्तीत जास्त काढणारी ‘इंडमॅक्स’ प्रक्रिया विकसित केली. 2003 मध्ये तिचे पहिले युनिट गुवाहाटीच्या छोट्या रिफायनरीत चालू झाले, आणि नंतर पारादीपला वर्षाला 40 लाख टनांहून अधिक क्षमतेचे युनिट बसले. तिच्या उत्प्रेरकातही मोठ्या पोकळ्यांच्या वाय झिओलाइटबरोबर झेडएसएम-5 आहेच.